अर्धा सोडलेला ग्लास

मिस्त्रीच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका साध्या क्रियापदावरून.

शनिवार होता. बालकल्याण कार्यालयाच्या मागच्या अंगाला भेटीची खोली होती. एक सतरंजी, प्लॅस्टिकची बुटकी टेबलं, चाकं हरवलेल्या मोटारी आणि कोपऱ्यात मॅडमची खुर्ची. दर शनिवारी मिस्त्री तिथं आपल्या लेकीला भेटायचा. लेकीचं लाडाचं नाव खारू. लहानपणी दोन्ही गालांत बिस्किटं कोंबून बसायची, म्हणून त्यानंच ठेवलेलं. मॅडम कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायच्या आणि सगळं ऐकायच्या. ऐकणं ही त्यांची नोकरी होती. विणकाम वर्षभर एकाच बाहीवर अडलेलं होतं.

त्या शनिवारी खारू आली ती चष्मा लावून. गोल, निळ्या काड्यांचा.

"हे काय गं नवीन?"

"मला लांबचं दिसतच नव्हतं," खारू मोठी बातमी सांगावी तशी म्हणाली. "काका म्हणाला, तू टीव्ही बघताना डोळे बारीक करतेस. मग त्यानं मला दुकानात नेलं, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली. बाबा, तुझ्या भुवईत खाच आहे! मला माहीतच नव्हतं."

खाच होती खरी. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तोंडावर पडला होता तेव्हाची. पण मिस्त्रीचं लक्ष भुवईकडे नव्हतं. त्याच्या कानात "म्हणाला" अडकलं होतं.

काका म्हणजे खारूच्या आईचा नवा नवरा. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, म्हणून मिस्त्री त्याला चष्मेवाला म्हणायचा, आणि ते म्हणताना शिवी दिल्याचं समाधान मिळवायचा. लग्नाला वर्ष होत आलं, तरी खारू त्याच्याबद्दल "काका म्हणाले, काका आले" असंच बोलत आली होती. बापाला मात्र पहिल्यापासून "बाबा, तू". ह्या एका "तू"वर मिस्त्री तग धरून होता. घर त्याच्याकडे आहे, बायको त्याच्याकडे आहे, सहा दिवसांची खारू त्याच्याकडे आहे, असू दे. "तू" माझ्याकडे आहे. आणि आज तेही वाटून झालं होतं.

वर आणखी एक सल. दर शनिवारी हाताच्या अंतरावर बसून चित्रं काढली, पत्ते खेळले, पण पोरीला दिसत नाही हे बापाला दिसलं नाही. ते दिसलं त्या उपटसुंभाला.

"छान आहे चष्मा," मिस्त्री म्हणाला.

भेट संपल्यावर मॅडमनी त्याला पुढच्या खोलीत बोलावलं. टेबलावर जुनाट कॉम्प्युटर होता. तो सुरू व्हायला वेळ लावायचा आणि मॅडम त्याच्याशी अडेल म्हशीशी बोलावं तशा बोलायच्या. "चल गं बाई, चल. उठ." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "बसा. चांगली बातमी आहे."

बातमी कळायला मागचं थोडं सांगायला हवं. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला पक्का होता, बिघडलेली लिफ्ट आवाजावरून ओळखायचा. पण दारू सुटत नव्हती. बायको नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. अशाच एका संध्याकाळी ती कामावर होती, हा आतून कडी लावून पडला होता, आणि खारू दप्तर घेऊन बाहेर जिन्यात बसून राहिली. दार वाजवून वाजवून थकली, तिथंच झोपली. शेजाऱ्यांनी कार्यालयाला फोन केला. त्या रात्रीपासून खारूच्या नावाची फाइल उघडली, आणि त्या फाइलमध्ये "पालकाचं व्यसन" ह्या शीर्षकाखाली मिस्त्रीची नोंद झाली. वडील, दारू, सध्या. बायको पोरीला घेऊन निघून गेली, रीतसर वेगळी झाली.

मिस्त्रीनं त्यानंतर दारू सोडली. कशी सोडली ते त्याचं त्याला माहीत. दवाखाना झाला, दारू सोडणाऱ्यांची दर आठवड्याची बैठक झाली, हातांचं थरथरणं झालं, दोनदा घसरणं झालं. पण सुटली. तरी कॉम्प्युटरवरचं "सध्या" काही हललं नव्हतं.

"आता तपासण्यांचे सगळे अहवाल आलेत," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आढाव्यात मी 'सध्या'चं 'पूर्वी' करायची शिफारस करणार आहे. तसं झालं की भेटी ह्या खोलीत नकोत. बागेत न्या, तुमच्या घरी न्या. मी विणायला दुसरीकडे जाईन."

महिन्याभरापूर्वी हे ऐकलं असतं तर मिस्त्री जागीच नाचला असता. आज तो एवढंच म्हणाला, "आणि चष्मेवाल्याच्या नावापुढं काय लिहिलंय?"

"काय लिहायचंय? घरात राहणारे सज्ञान, व्यसन नाही."

"विचारलं होतं त्याला?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्यांना विचारतो. अधूनमधून घेतात, म्हणाले. त्याला आम्ही व्यसन म्हणत नाही."

अधूनमधून! मिस्त्री तो शब्द घेऊन घरी गेला आणि आठवडाभर चघळत राहिला. त्याच्या आयुष्यात अधूनमधून असं काही नव्हतंच कधी. होतं ते सगळं किंवा काहीच नाही.

पुढच्याच आठवड्यात कंपनीकडे तक्रार आली. चष्मेवाल्याच्या इमारतीची लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबत होती. मिस्त्रीला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. तो स्वतः गेला. मनाशी म्हणाला, काम ते काम. पण खरं तसं नव्हतं. त्याला ते घर बघायचं होतं. जिथं दुखतं तिथंच जीभ जाते, तसं.

सकाळची वेळ. वरची यंत्राची खोली उघडली, ब्रेक बघितला, पट्टे झिजले होते ते बदलले. चौथ्या मजल्यावर दार तपासत असताना समोरचं घर उघडलं आणि चष्मेवाला कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला. पायजमा, विस्कटलेले केस. मिस्त्रीला बघून क्षणभर गोंधळला, मग हसला. त्याचं हेच वाईट होतं. तो मनापासून हसायचा.

"अहो, तुम्ही! या ना आत, चहा घ्या. ही ड्यूटीवर गेली आहे, खारू मघाशीच शाळेत गेली. मीच एकटा आहे."

नाही म्हणायचं होतं. पाय आत गेले.

घर नीटनेटकं होतं, पण फार नाही. सोफ्यावर खारूचा मोजा. भिंतीवर खारूची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा, खालून वर चढत गेलेल्या. ती भिंत बघून मिस्त्रीनं मान वळवली, आणि वळवली तिथं खिडकीजवळच्या टेबलावर तो ग्लास होता.

व्हिस्कीचा. कालचा. बर्फ विरघळून रंग फिका पडलेला, निम्मा भरलेला.

चष्मेवाल्यानं त्याची नजर पाहिली आणि ओशाळला. "सॉरी हं. काल मॅच बघताना ओतली होती. मग झोप यायला लागली, तशीच ठेवून गेलो."

"संपवली नाहीत?"

"नको वाटली."

असं म्हणून त्यानं ग्लास उचलला, स्वयंपाकघरात गेला आणि बेसिनमध्ये ओतून दिला. नळ सोडला. त्याच हातानं गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

मिस्त्री दारात उभा होता. तोंडाला सुटलेलं पाणी त्यानं गिळलं. पण पाणी सुटलं त्याचं काही नाही; ते सुटायचंच, त्याची ओळख होती. नवीन होतं ते दुसरंच. त्याला त्या माणसाच्या घराचा, बायकोचा, अगदी "म्हणाला"चासुद्धा हेवा वाटला होता. पण ह्या दोन शब्दांपुढं ते सगळं पोरखेळ होतं. नको वाटली. जे मिळवायला मिस्त्रीनं हाडं झिजवली, रात्री बाथरूमच्या फरशीवर कपाळ टेकवून काढल्या, आणि तरीही जे मिळालं नाही (त्याला मिळालं ते फक्त न पिणं), ते ह्या माणसाला जन्मतःच मिळालं होतं. अर्धा ग्लास ठेवून झोपायला जाता येणं. देवानं वाटणी करताना ह्याच्या पदरात दोन मापं टाकली आणि माझ्या वेळी हात झटकले, असं त्याला वाटलं.

"साखर किती?" आतून आवाज आला.

"काम आहे," म्हणत मिस्त्री निघाला. लिफ्ट नीट केली होती तरी जिन्यानं उतरला.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात मॅडमसमोर बसला होता.

"त्या घरात दारू आहे. नोंद करा."

"घरात दारू असणं गुन्हा नाही, मिस्त्री."

"पितो तो."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"पिताना?"

इथं थांबता आलं असतं. ग्लास होता, अर्धा होता, त्यानं ओतून दिला, एवढंच सांगितलं असतं तर मॅडमनी मान हलवून पाणी विचारलं असतं. पण मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं बेसिनमधून वाहून जाणारी ती फिकी दारू होती.

"पिऊन होता," तो म्हणाला. "सकाळी सकाळी. जीभ जड होती बोलताना."

"खारू कुठं होती?"

"घरातच. शाळेत जायची होती."

मॅडमनी कीबोर्डवरचे हात उचलले. "नीट आठवून सांगा. कुणी असं सांगितलं की मला लिहावंच लागतं. मला पटो न पटो. आणि इथं एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. फार तर खाली भर घालता येते. तुमच्याच बाबतीत बघितलंय ना?"

"बघितलंय. लिहा."

"चल गं बाई," मॅडम कॉम्प्युटरला म्हणाल्या, पण ह्या वेळी आवाजात गंमत नव्हती. घरातील सज्ञान व्यक्ती, दारू, संशय. माहिती कोणाकडून: वडील. एकेक ओळ पडद्यावर उमटत गेली आणि मिस्त्रीच्या अंगात काहीतरी सैल होत गेलं. बस आता माझ्या शेजारी, त्याला वाटलं. एकाच फाइलमध्ये.

"संशय" लिहिलं की चौकशी आपोआप लागते. चौकशी होईपर्यंत चष्मेवाल्यानं खारूबरोबर एकटं राहायचं नाही असं ठरलं. खारूच्या आईच्या पाळ्या तेव्हा रात्रीच्या. म्हणजे तो घरी आणि पोरगी घरी हे जमेना. तिनं बहिणीला बोलावून घेतलं, आणि चष्मेवाला दुकानात झोपायला गेला.

हे मिस्त्रीला कळलं ते तिच्या फोनवरून. वेगळं झाल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची, तेही वाण्याशी बोलावं तसं. आज ती ओरडली.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! तू सांगतोयस हे? तू? तो काउंटरच्या मागे चटई टाकून झोपतोय. खारू रोज विचारते, काका कुठं गेला. काय सांगू तिला?"

मिस्त्रीनं काहीबाही उत्तर दिलं आणि फोन ठेवला. त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं: बरं झालं. त्यालाही कळू दे, पोरीच्या घरातून बाहेर पडून झोपायचं म्हणजे काय असतं. त्या रात्री मिस्त्रीला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. हे त्यानं नंतर कुणाला सांगितलं नाही, पण झालं असं.

शनिवारची भेट रद्द झाली. त्याऐवजी मॅडमचा निरोप आला, येऊन जा.

ह्या वेळी कॉम्प्युटर आधीच सुरू होता. मॅडमनी बसायला सांगितलं आणि पडद्याकडे बघतच बोलायला लागल्या.

"मुलांशी बोलणारी आमची एक बाई असते. ती शाळेत जाऊन खारूशी बोलली. तिनं जे सांगितलं ते तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण त्यात तुम्ही आहात."

"मी?"

"बाईनं विचारलं, घरात कुणी मोठं माणूस दारू पितं का? तर म्हणाली, काका पितो, मग भांडी घासतो आणि गाणी चुकीची म्हणतो. विचारलं, तेव्हा तुला भीती वाटते का? म्हणाली, नाही, त्याचं गाणं वाईट आहे पण भीती नाही वाटत." मॅडमनी पुढची ओळ शोधली. "मग बाईनं विचारलं, कधी कुणाची भीती वाटली होती?"

मिस्त्री टेबलाच्या कडेकडे बघत होता.

मॅडमनी वाचलं. "'बाबा पडला की मी त्याच्या नाकापुढं हात धरायची. गरम लागलं की अभ्यासाला बसायची. मग परत येऊन हात धरायची. एकदा खूप वेळ गरम लागलंच नाही, तेव्हा मी त्याला चिमटा काढला. तो ओरडला, मग मला बरं वाटलं.'"

मिस्त्रीला वाटायचं, पोरीला फार फार तर ती जिन्यातली संध्याकाळ आठवत असेल. एकच वाईट दिवस, तोही अर्धवट. ह्यातलं काही त्याला माहीतच नव्हतं. माहीत असणार कसं; तो तर झोपलेला होता.

"हे पूर्वीचं आहे," शेवटी तो म्हणाला. "मॅडम, हे सगळं पूर्वीचं आहे."

"आहे. पण तिनं सांगितलं आत्ता. नोंद आत्ताची. 'मुलीवर झालेला परिणाम' ह्या खाली नवी माहिती आली की आढावा थांबतो. वरच्या साहेबांनी थांबवलाय. आधी तिला समुपदेशकाकडे न्यायचं, मग बघायचं. तोवर भेटी इथंच, माझ्यासमोर." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मिस्त्री. चौकशी तुम्ही लावलीत."

मॅडमनी पडद्यावरचं पान खाली सरकवलं.

"आता दुसरं. तुम्ही म्हणालात खारू घरात होती. शाळेनं सांगितलं, त्या वेळी ती पहिल्या तासाला वर्गात हजर होती. मग चष्मेवाले पिऊन होते, ह्याचं मी काय समजू?"

"पिऊन नव्हता," मिस्त्री म्हणाला. "अर्धा ग्लास होता आदल्या रात्रीचा. सोडून दिलेला. माझ्यासमोर त्यानं ओतून टाकला."

"मग तुम्ही असं का सांगितलंत?"

"सोडलेला होता म्हणून."

मॅडमनी टाइप करायला बोटं टेकवली आणि तशीच ठेवली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पिणाऱ्या आईबापांच्या नोंदी करून त्यांना काही गोष्टी न सांगताही कळत असाव्यात. मग त्यांनी लिहिलं: माहिती देणाऱ्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं. कारणाची जागा कोरी सोडली.

"हे कुठल्या रकान्यात बसत नाही," त्या म्हणाल्या. "घरी जा. आणि आज तुमची बैठक नसली तरी बैठकीला जा."

तो गेला. वाटेत दारूचं दुकान होतं, त्याच्यावरून गेला. पाय अडखळले, पण थांबले नाहीत.

चौकशी बंद झाली, चष्मेवाला घरी परतला. आणि मग एक दिवस तो मिस्त्रीला भेटायला आला. मिस्त्री तेव्हा एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वर उघड्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. आधी पॉलिश केलेले बूट दिसले, मग वर सगळा माणूस.

"बाहेर येताय का?" चष्मेवाला म्हणाला. आज तो हसत नव्हता.

मिस्त्री हात पुसत वर आला.

"मारावंसं वाटत होतं तुम्हाला," चष्मेवाला म्हणाला. "येताना रस्ताभर तेच ठरवत होतो. पण मला मारता येत नाही. कधी कुणाला मारलंच नाही."

हेही ह्याला करावं लागलं नाही कधी, मिस्त्रीच्या मनात आलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच. शेजारी माझ्याशी बोलताना जरा लांब उभे राहतात हल्ली. कार्यालयातली बाई त्यांच्याकडे पण जाऊन आली ना." मग म्हणाला, "घरातली बाटली मी टाकून दिली. खारूनं त्या बाईला काय सांगितलं ते हिच्याकडून कळलं, त्याच दिवशी. आता घरात नाही आणायची."

मिस्त्रीला विचारायचं नव्हतं. तरी विचारलंच. "अवघड गेलं?"

चष्मेवाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. माणूस खोटं बोलणारा नव्हताच. "नाही," तो म्हणाला.

पुन्हा तेच. आगीवर कुणी फुंकर घालावी तसं मिस्त्रीच्या पोटात भडकलं, आणि त्याला स्वतःचाच कंटाळा आला. इतकं सगळं होऊनही हे मेलं नव्हतं. हे मरणार नव्हतंच बहुतेक.

चष्मेवाला जायला वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. पाठमोराच म्हणाला, "एक सांगू? मला फार वाईट वाटलं ते ऐकून. तिच्यासाठी. पण रात्री झोपताना आणखी एक विचार आला, तो चांगला नव्हता. माझ्या नाकापुढं आजवर कुणी हात धरून बघितलेला नाही." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

मिस्त्री खड्ड्याच्या काठावर तसाच बसून राहिला. आपल्याकडे असं काही असेल, ज्याचा त्या माणसाला हेवा वाटावा, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आणि जे होतं ते असं, की असावं असं कुठल्या बापाला वाटू नये.

पुढच्या शनिवारी खारू भेटीला आली. आली ती फुगून. सतरंजीवर पाठ करून बसली आणि चित्र काढायला लागली. मॅडम बाहीकडे बघत होत्या.

"मी काकांबद्दल खोटं सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला.

"माहितीय. आई म्हणाली."

"का, ते नाही विचारलंस."

"का?"

"हेवा वाटला त्यांचा."

खारू वळली. "हेवा म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघून पोटात दुखतं."

"औषध घ्यायचं ना मग."

"नाही मिळत ह्याचं औषध."

"मग काय करायचं?"

"दुखतं तोवर गप्प बसायचं. मला नाही जमलं."

खारूनं ह्यावर विचार केला. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. "त्या बाईनं मला वर्गातून बोलावलं," ती म्हणाली. "सगळे बघत होते. परत असं करू नकोस."

"नाही करणार."

"आणि तू आता रात्री नीट झोपतोस का?"

हा प्रश्न तिनं इतक्या सहज विचारला की मिस्त्रीला आधी कळलाच नाही. मग कळला. मॅडमच्या सुया थांबल्या.

"झोपतो," तो म्हणाला. "घोरतो पण. शेजारच्यांची तक्रार आहे. आता कुणी बघायला नको, खारू. खरंच नको."

"बरं," खारू म्हणाली आणि पिवळा खडू शोधायला लागली.

आढावा व्हायला पुढं बरेच महिने गेले. खारू समुपदेशकाकडे जात राहिली, आणि मधे एकदा मिस्त्रीलाही तिच्याबरोबर बसवलं गेलं. तिथं त्यानं ऐकायचंच काम केलं. शेवटी कॉम्प्युटरवर "पूर्वी" लागलं. खालच्या बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. त्याची चष्मेवाल्यावरची तक्रार, ती मागे घेतल्याची भर, खारूचं बोलणं, सगळं एकाखाली एक. मॅडमनी त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "आता शनिवारी मला सुट्टी."

पहिल्या बाहेरच्या भेटीला चष्मेवाल्यानं खारूला चौकात आणून सोडलं. दोघा पुरुषांनी लांबूनच माना हलवल्या. खारू रस्ता ओलांडून बापाकडे आली, त्याचं बोट धरलं, आणि काहीतरी आठवून परत उलटी पळाली. चष्मेवाला वाकला. तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं खळखळून हसली.

मिस्त्री ह्या बाजूला उभा होता. पोटात दुखलं. चांगलंच दुखलं. तो गप्प उभा राहिला. सिग्नल एकदा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला.

मग खारू आली आणि म्हणाली, "चल. कुठं जायचं?"

"तू सांग," मिस्त्री म्हणाला. ती काय कुजबुजली होती ते त्यानं विचारलं नाही.